इंजिन फ्लश टाकायचं का?
एकाने विचारलंय की जुन्या पेट्रोल गाडीत इंजिन फ्लश टाकू का टाकीत क्लीनर ओतू, तर दोन्ही पार वेगळ्या गोष्टी आहेत बघा. फ्लश म्हणजे इंजिन आतून साफ करायचं लिक्विड, ते जातं जुन्या ऑइलमध्ये, गाडी जागेवर आयडलला डब्यावर लिहिलंय तेवढीच मिनिटं ठेवायची, चालवायची अजिबात नाही, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं. आमचा सोलापूरच्या सात रस्त्याजवळचा मेकॅनिक आधी ऑइलचं झाकण काढून टॉर्च मारतो, आत डांबरासारखा काळा थर दिसला की सरळ नाही म्हणतो, कारण तो गाळ एकदम सुटला की ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइलचं प्रेशर जातं. अशा गाडीला नुसतं ऑइल लवकर लवकर बदलत राहायचं. पेट्रोलमधल्या क्लीनरमध्ये पॉलिइथर अमाइन (घाण साफ करणारं केमिकल) असलेलंच घ्या, इंजेक्टर साफ करतं, पण डायरेक्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जात असेल, तर इनटेक व्हॉल्व्हपर्यंत (हवा आत घेणाऱ्या झडपेपर्यंत) ते पोचतच नाही हे दुकानदार सांगत नाही. आणि सोलापूरच्या धुळीत आधी एअर फिल्टर बघा की राव, पिकअप नाही म्हणून बाटल्या ओततात लोकं!