अंतर्गत गुणांची यादी नाव न दाखवता कशी लावावी? मदत हवी आहे

आमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न, अनुदानित. आयटीवाला माणूस नाही, खर्चाला मंजुरी मिळत नाही. अंतर्गत गुणांची यादी नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), प्रवर्ग आणि मोबाइल नंबरासकट नोटीस बोर्डावर लागते. मग कोणीतरी फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होणार. म्हणून ऑफिसचं म्हणणं, "तेव्हाचं तेव्हा बघू."

प्रवर्ग आणि मोबाइलचे रकाने काढून घेतले, तेवढं प्राचार्यांनी मानलं. (प्रवर्गाचा रकाना गुणांच्या यादीत मुळात कशाला होता, देव जाणे.) नाव काढून फक्त रोल नंबर ठेवून पाहिला, पण रोल नंबर आडनावांच्या क्रमाने आहेत, कुणाला किती पडले ते मुलं लगेच ओळखतात. पीआरएनचंही तेच, हॉल तिकिटावर तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. प्रत्येकाला ईमेल केला तर बरेच जण उघडत नाहीत आणि तक्रारीची मुदत निघून जाते.

गुण विद्यापीठाला पाठवण्याआधी पाहिल्याची सही प्रत्येक विद्यार्थ्याकडून घ्यावीच लागते, आणि ती एकाच तक्त्यावर असल्याने सही करताना बाकीच्यांचे गुण दिसतात.

कुणाच्या कॉलेजात यादृच्छिक सांकेतिक क्रमांक किंवा प्रत्येकाची वेगळी चिठ्ठी चालते का? आणि वेगवेगळ्या कागदांवरच्या सह्या विद्यापीठाने किंवा ऑडिटने मान्य केल्या का?