प्रतिसाद: एचआयव्ही आणि हेपटायटिस सी एकत्र कुणात जास्त?

वर कुणीतरी विचारलंय की एचआयव्ही महाराष्ट्रातही आहे न् मणिपुरातही, मग दोन्ही विषाणू एकत्र असलेले पेशंट तिकडेच एवढे का. अहो, फरक लागण कुठल्या मार्गाने झाली याचा आहे. आपल्याकडे एचआयव्ही मुख्यतः शरीरसंबंधातून पसरला, आणि स्त्री-पुरुष संबंधातून हेप सी (हेपटायटिस सी, यकृताला सूज आणणारा विषाणू) तसा फार कमी जातो. मणिपुरात ऐंशीच्या दशकात म्यानमारकडून हेरॉइन आलं, तरुण पोरं एकच सुई वाटून घ्यायला लागली, आणि सुईतून हेप सी एचआयव्हीपेक्षा सहज जातो, वापरलेल्या सिरिंजमध्ये तो कित्येक दिवस टिकून राहतो. म्हणजे बरेचदा हेप सी आधी आणि एचआयव्ही मागून.

जगभरात दोन्ही असलेले साधारण २३ लाख लोक असा २०१६ चा अंदाज होता, त्यातले निम्म्याहून जास्त इंजेक्शनने ड्रग्ज घेणारे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत २०१५ मध्ये जो उद्रेक झाला त्यातले ९० टक्क्यांहून जास्त एचआयव्ही पेशंट हेप सीचेही होते, आणि ते कुठे तर खेड्यात, बहुतेक गोरे, पेनकिलर गोळ्या विरघळवून टोचणारे. (“हे मोठ्या शहरांचं दुखणं” म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

अपवादही आहेत. युरोपात २००० नंतर एचआयव्ही असलेल्या समलिंगी पुरुषांत हेप सी शरीरसंबंधातूनही पसरला. आणि जुने हिमोफिलियाचे (रक्त न गोठण्याचा आजार) पेशंट, त्यांना तर दोन्ही दुसऱ्यांच्या रक्तापासून बनवलेल्या औषधातूनच मिळालं, बिचारे.

बाकी २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हेप सीची औषधं फुकट आहेत, एचआयव्हीवाल्यांनाही चालतात, फक्त एआरटीच्या (म्हणजे एचआयव्हीवरच्या) गोळ्या कुठल्या चालू आहेत ते डॉक्टरांना आधी सांगा.