मदत हवी आहे : फ्लोराईडचा फिल्टर लवकर का थकतो?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या बोअरचं पाणी. फ्लोराईड लिटरला 3.8 मिलिग्रॅम (मर्यादा 1, दुसरा स्रोत नसेल तर 1.5), पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; 7 च्या खाली आम्ल) 8.3, क्षारता 480, कॅल्शियम अगदी कमी. सक्रिय ॲल्युमिनाचा (फ्लोराईड धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साईडचे दाणे) फिल्टर बसवलाय. अडकलेलं फ्लोराईड सुटावं म्हणून 1 टक्का कॉस्टिक सोड्याने धुतला, की पहिले काही दिवस फ्लोराईड 1 च्या आत, मग भराभर चढतं. पीएच 5.5 ते 6 असताना ॲल्युमिना सर्वात चांगलं काम करतं आणि बायकार्बोनेट (क्षारतेचा मुख्य भाग) फ्लोराईडची जागा अडवतं, हे माहीत आहे. सोड्यानंतर सौम्य सल्फ्युरिक आम्लाने किती पीएचपर्यंत धुवायचं? धुतलेलं पाणी कुठे जिरवता? त्यात सगळं फ्लोराईड असतं, विहिरीजवळ नकोच. नालगोंडा पद्धतीने (पाण्यात तुरटी-चुना ढवळून फ्लोराईड गाळासोबत खाली बसवणं) काम करणाऱ्यांनी पाण्यात तुरटीचं उरलेलं ॲल्युमिनियम तपासलंय का?

घाई मुलांसाठी आहे. आठ वर्षांखालच्यांचे पक्के दात हिरडीत घडत असतात, फ्लोराईडचा डाग तेव्हाच पडतो. वर आलेल्या दातांवर खडूसारखे पांढरे, मग तपकिरी आडवे पट्टे दिसतात. फ्लोराईड हाडांत साठून मान आखडल्याने काही मोठ्यांची हनुवटी छातीला टेकत नाही. लोक पाणी उकळतात, त्याने फ्लोराईड उलट दाट होतं. प्रत्यक्ष फिल्टर चालवणाऱ्यांनी कृपया आकड्यांसह लिहा.