मदत हवी आहे : प्रोसेसरची १२ व्होल्टची वायर जोडली की संगणक सुरू होत नाही

नमस्कार. गिरगावात आमचे लग्नपत्रिका आणि स्मरणिका यांची अक्षरजुळणी करून देण्याचे छोटे काम आहे. त्यासाठीच्या जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरचा डोंगल (परवाना तपासणारे छोटे उपकरण) पॅरलल पोर्टलाच, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीलाच, लागतो, म्हणून डीडीआर३ मेमरीचा हा मदरबोर्ड वाचावा अशी मनापासून इच्छा आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात 'बोर्ड बदला' एवढेच सांगितले, पण तसा बोर्ड आता सहज मिळत नाही.

प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर जोडून बटण दाबले, तर पंखा किंचित हलून थांबतो. ती वायर काढली की पंखे फिरत राहतात, पडद्यावर अर्थातच काही येत नाही. त्या अवस्थेत २४ पिनांच्या कनेक्टरवर १२.०८, ५.०४ आणि ३.३१ व्होल्ट, तर मेमरीच्या स्लॉटजवळ १.५१ व्होल्ट मिळाले. स्टँडबायचे (संगणक बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्टही ठीक आहेत.

माझ्या समजुतीप्रमाणे प्रोसेसरला लागणारा साधारण १ व्होल्टचा पुरवठा या आठ पिनांच्या १२ व्होल्टपासूनच तयार होतो. हे काम समांतर शाखांत, म्हणजे फेजमध्ये, वाटलेले असते. प्रत्येक फेजमधला वरचा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) अगदी थोडा वेळ चोकला (तारेच्या वेटोळ्याला) १२ व्होल्टशी जोडतो, उरलेल्या वेळात खालचा मॉसफेट त्याला ग्राउंडशी जोडतो, आणि चोक व कपॅसिटर मिळून त्यातले चढउतार सपाट करतात. वीज पूर्ण तोडून, प्रोसेसर काढून मोजले, तेव्हा १२ व्होल्टची पिन ते चोक ०.३ ओहम, म्हणजे जवळजवळ मीटरच्या तारांइतकाच रोध मिळाला. चोक ते ग्राउंड मात्र ९० ओहमच्या आसपास आहे. त्यामुळे वरचा एखादा मॉसफेट शॉर्ट झाला आहे, असे मला वाटते.

पण तो नेमका कोणता? फेज चार आहेत, चारही चोकांची प्रोसेसरकडची टोके एकत्र आहेत आणि चोकचा स्वतःचा रोध मिलिओहममध्ये असल्याने कुठेही मोजले तरी आकडा तोच येतो. एकेक चोक उचलून पाहायचा, तर बोर्डातले तांब्याचे जाड थर उष्णता ओढून घेतात आणि माझ्या साध्या सोल्डरिंग गनने सोल्डर वितळत नाही. गेट (मॉसफेट चालू-बंद करणारी पिन) मात्र प्रत्येक फेजचे स्वतंत्र असतात. तेव्हा चारही वरच्या मॉसफेटचा गेट ते सोर्स (चोककडची पिन) रोध मोजून, वेगळा आकडा देणारा दोषी धरणे कितपत भरवशाचे आहे? तसा सापडल्यास त्याचा ड्रायव्हरही (गेटला इशारे देणारी चिपही) बदलावा का?

शिवाय १२ व्होल्ट थेट प्रोसेसरपर्यंत पोहोचले असतील, तर दुसरा बोर्ड हाताशी नसताना तो प्रोसेसर शाबूत आहे की नाही, हे कसे तपासावे?