मुलांना हाताने वीज शिकवली, शिकली: तुमचे अनुभव लिहा

ओट्यावरची शाळा
काल कूलर उतरवायला माळ्यावर चढलो तर मागे बाबांचा सिरीज बोर्ड सापडला, म्हणजे बिघडलेली वस्तू बल्बच्या रांगेत जोडून तपासायची पाटी. लाकडी पाटी, बॅकेलाइटचा काळा होल्डर, त्यात १०० वॅटचा पिवळा बल्ब, बाजूला सॉकेट. बाबा वायरमन होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या ओट्यावर गल्लीतली पोरं बंद पडलेला पंखा, कूलरचा पंप, जे मिळेल ते घेऊन यायची. बोर्डाला हात फक्त बाबांचा. पण लावण्याआधी प्रत्येकाने सांगायचं की काय होणार. पंखा लावल्यावर बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट, मंद पेटला तर वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) धड, पेटलाच नाही तर वायर कुठेतरी तुटली. ज्याचा अंदाज चुकला त्याला बाबा उत्तर सांगायचे नाहीत, पंखा उघडून त्याच्याच पुढ्यात ठेवायचे. मला वीज तिथेच कळली. तुमच्याकडे कोणी शिकवली? तुम्ही पोरांना कशी शिकवता?

गुर्जी_वर्धारोड
बाबांना नमस्कार. आता त्यात पुढची गंमत मुलांना दाखवा. इस्त्री धड असली तरी बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो! १००० वॅटच्या कॉइलचा रोध पेटलेल्या १०० वॅटच्या बल्बच्या दहाव्या हिश्शाइतकाच, म्हणून बहुतेक सगळा दाब बल्बवर पडतो. आठवीच्या मुलांसमोर हे केलं की ओहमचा नियम पाठ करून घ्यावा लागत नाही.

नीलू_खामला
आमच्याकडे संत्री!! डिसेंबरात घरात पेटीभर असतातच. जस्त चढवलेला खिळा एका बाजूने, तांब्याची तार दुसऱ्या बाजूने, एका संत्र्याला ०.९ व्होल्टच्या आसपास मिळतात. लाल एलईडीला १.८ तरी लागतात, म्हणून दोनावर पेटेना. लेक म्हणे आई संत्री आंबट नाहीत. मग तिनेच तिसरं जोडलं, चौथं जोडलं, तरी नाही. तासभर बसली. शेवटी एलईडीचे पाय उलटे लावलेत हे तिलाच दिसलं (लांब पाय प्लसला). अंधाऱ्या बाथरूममध्ये नेऊन बारीक लाल उजेड अख्ख्या घराला दाखवला. मी मध्ये बोलले नाही याचा मला फार आनंद आहे. कुकर झाला, नंतर येते.

नीलू_खामला
हो आणि ती संत्री खायची नाहीत बरं, जस्त विरघळतं त्यात. वीजही त्या जस्तातूनच येते, संत्र्यातून नाही. सासूबाईंना हे पटवायला जास्त वेळ लागला 😄

राजू_इतवारी
कूलर उतरवले का भाऊ इतक्यात? आमच्याकडे अजून खस आणायची आहे. यंदा काय भाव सांगून राहिले?

ओट्यावरची शाळा
विचारलं नाही अजून राजूभाऊ. मी वुडवूलच लावतो. खसाचा वास भारी पण.

मंजू_मानेवाडा
आमच्या शाळेत प्रयोगाच्या तासाला पोरं वायरी जोडायची आणि आम्ही मुली वहीत आकृती काढायचो. पेन्सिलीची टोकं काढून ठेवायचं काम आमचं. आता सोसायटीत रविवारी मी मुलं जमवते तेव्हा पक्कड आधी मुलींच्या हातात जाते. मागच्या वेळी टाकाऊतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची ती सेल, दोन सेफ्टी पिना आणि चुंबकवाली मोटर केली. तारेच्या गुंडाळीचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त वरच्या अर्ध्या बाजूला. दुसरंही पूर्ण खरवडलं की गुंडाळी थरथरते आणि थांबते. का थांबते, यावर चौथीतल्या दोघी अशा भांडल्या की विचारू नका. कोणीही जिंकलं नाही, पण दोघींच्या मोटरी फिरल्या.

बाप्पा_कामठी
वा ताई 👏👏

कोराडी_वाला
पोरगा विचारे, बाबा तुम्ही कोराडीच्या वीज केंद्रात वीज कशी बनवता? जुन्या डीव्हीडी प्लेयरची मोटर काढली, एलईडी लावला, म्हटलं फिरव. जोरात फिरवली तसा पेटला. म्हटलं आमच्याकडे हेच, फक्त फिरवायला वाफ, आणि ६६० मेगावॅटचे तीन संच. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तेच. मग त्याला दोन एलईडी लावायला दिले. तो म्हणे बाबा, आता फिरवायला जड जाऊन राहिलं. हे मी सांगितलं नव्हतं, त्याच्या बोटांना कळलं. आता पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेला की स्वतःच परत येतो.

गुर्जी_वर्धारोड
बोटांना कळलं! मी हे वर्गात सांगणार. रमण विज्ञान केंद्रात नेलंत का त्याला? माझ्या वर्गाला नेतो तेव्हा मुलं हँडलवाल्या वस्तूंपासून हलत नाहीत.

नीलू_खामला
आले. एक सगळ्यांसाठी: पोरांचे प्रयोग सेलवर, २३० व्होल्टवर कधीच नाही. आणि कूलरमध्ये पाणी टाकताना आधी पिन काढायची, बटण बंद पुरत नाही. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, अर्थिंगचा पत्ता नाही. दर उन्हाळ्यात आपल्याकडे बातमी असतेच. माझी लेक आता शेजारच्या काकूंनाही दटावते.

राजू_इतवारी
हे एकदम बरोबर. आमच्याकडे अर्थिंग मागच्याच वर्षी करून घेतलं.

मंजू_मानेवाडा
कोराडीवाले दादा, ती डीव्हीडीची मोटर कुठे मिळेल? मला रविवारसाठी दहाबारा हव्यात.

कोराडी_वाला
बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) रिपेअरिंगवाल्यांकडे विचारा ताई, बंद प्लेयर पडलेले असतात, ट्रे सरकवणारी छोटी मोटर मागा. माझ्याकडे दोन आहेत, त्या तुम्हाला देतो. तांब्याची तार मात्र वाइंडिंगवाल्याकडून उरलेली घ्या, नवी कशाला.