वाचनालयासाठी फ्री डिश घ्यावी की इंटरनेट? दूरदर्शन-आकाशवाणीचं आता काम काय?

घाटमाथा_वाचक
पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या बाजूला डोंगरातल्या एका ग्रामपंचायत वाचनालयासाठी टीव्ही घ्यायचा आहे. मोबाईलची रेंज धड नाही. काहींचं म्हणणं, "डेटा घ्या, दूरदर्शनचे दिवस गेले." फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत उपग्रह टीव्ही सेवा, बसवली तर सेटिंग काय लागतं? आणि मुळात ती बसवण्यात अर्थ आहे का?

तबकडीवाला
अर्थ आहे. साधा व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट धरला तरी तासाला जवळपास ४५० एमबी जातात, आणि शंभर जणांनी आपापल्या मोबाईलवर पाहिला तर ४५ जीबी. गावातला एकुलता टॉवर तिथेच गुदमरतो. उपग्रहाला मात्र बघणारे दहा की दहा लाख, काही फरक पडत नाही. मासिक शुल्कही नाही.

आता बसवणं. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. ६० सेंटिमीटरची तबकडी पुरते. पुणे परिसरातून दिशा उत्तरेपासून १३२ अंश, म्हणजे साधारण आग्नेय, आणि उंचीचा कोन सुमारे ५९ अंश. नागपूरहून दिशा १४४-१४५ आणि उंची ६० च्या आसपास. मोबाईलमधलं होकायंत्र पत्र्याजवळ चुकतं, दहा पावलं लांब उभं राहून दिशा घ्या. तबकडी ऑफसेट प्रकारची, म्हणजे सिग्नल मधोमध न घेता तिरपा घेणारी, असल्याने ती ५९ अंश वर तोंड करून बसलेली दिसणार नाही, बरीच उभी दिसेल. त्यामुळे नजरेने अंदाज न बांधता मागच्या पट्टीवरचा आकडा पाहा.

एलएनबी म्हणजे तबकडीसमोर दांडीवर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग. सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी युनिव्हर्सल (९७५०/१०६००), फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. "स्ट्रेंग्थ" ८० दिसली म्हणून समाधान मानू नका. ती चुकीच्या उपग्रहावरही दिसते. खरी खूण "क्वालिटी". ती शून्य असेल तर तबकडी केसभर डावी-उजवी करत जा. लागली पण डळमळत असेल तर एलएनबी पकडीतच हळूहळू फिरवा. आपल्याकडून हा उपग्रह बराच पूर्वेला असल्याने एलएनबीला मोठा तिरपेपणा लागतो, पुण्यात जवळजवळ ४५ अंश, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणाराच घ्या. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या उमटतच नाहीत आणि लोक तबकडीला दोष देत बसतात. टीव्हीमध्येच उपग्रह ट्यूनर असेल तर बॉक्सही लागत नाही. मागे स्क्रूवाली एलएनबी खाच आहे का बघा.

पावसाळ्यात धो धो सरीत चित्र काही मिनिटं जाणारच, केयू बँडचा, म्हणजे ही सेवा वापरते त्या लहरींचा, तो स्वभाव आहे. ऊन पडल्यावरही गेलेलंच राहिलं, तर एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. केबलला तिथे खाली झोका ठेवा आणि जोडावर रबर टेप गुंडाळा.

घाटमाथा_वाचक
मनापासून आभार. क्रिकेटच्या बाबतीत एक कोडं आहे. एकच सामना फ्री डिशवर दूरदर्शनवर दिसतो आणि केबलवर त्याच वाहिनीवर दिसत नाही. असं का?

कलम_वाचा
२००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट प्रक्षेपण हक्कधारक कंपनीला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागतं. जाहिरातींचं उत्पन्न वाटून घ्यायचं: दूरचित्रवाणीवर हक्कधारकाला किमान ७५ टक्के, आकाशवाणीवर निम्मं. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपकांपुरतं आणि फ्री डिशपुरतं, खासगी केबलसाठी नाही. म्हणून केबलवर त्या वेळी दुसरंच काही लागतं. जमिनीवरचे बहुतेक अॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले, त्यामुळे व्यवहारात हा हक्क आता फ्री डिशवरच टिकून आहे.

मात्र फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि निघूनही जातात. २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या होत्या. वाचनालयाने त्यांच्या भरवशावर राहू नये. सह्याद्री, डीडी न्यूज आणि इयत्तावार शालेय धड्यांच्या पीएम ई-विद्या वाहिन्या, एवढ्यासाठी घ्या. नव्या वाहिन्या आपोआप येत नाहीत, महिन्यातून एकदा पुन्हा स्कॅन करा.

मध्यमलहरी
टीव्हीच्या जोडीला एक सेलवर चालणारा रेडिओ ठेवाच. अतिवृष्टीत आधी वीज जाते, मग टॉवरची बॅटरी संपते. मध्यम लहर डोंगराआडही पोहोचते, एफएम अडतं. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८. रेडिओच्या पोटातली फेराइट कांडी हाच अँटेना, त्यामुळे आवाज क्षीण असेल तर वरची दांडी ओढून उपयोग नाही, अख्खा रेडिओ उभाच ठेवून गोल फिरवत दिशा बदला. कांडीचं टोक केंद्राकडे असलं की आवाज सर्वांत कमी. खरखर असेल तर एलईडी दिवे आणि मोबाईल चार्जर एकेक बंद करून पाहा, बहुधा तिथेच दोष सापडतो.

मध्यम लहरीची केंद्रं बंद करून सगळं आकाशवाणीच्या मोबाईल ॲपवर न्यावं, हा विचार मला अजिबात पटत नाही. ॲप चांगलं आहे, परदेशातले मराठी श्रोते त्यावरच ऐकतात. पण ते चालायला तोच टॉवर लागतो, जो पुरात बंद पडलेला असतो.