अनुभव धागा : खाडीत सापडलेला अनोळखी छोटा मासा तुम्ही कसा ओळखलात?

नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी कधी गोडं, कधी मचूळ, कधी पार खारट. त्यामुळे जाळ्यात नदीतले मासेही येतात आणि समुद्रातलेही, आणि त्यात पिल्लंच जास्त. मोठा मासा लांबून ओळखणाऱ्यालाही त्याचं बोटभर पिल्लू ओळखू येईलच असं नाही. रंग वेगळा, पट्टे वेगळे, कधी अंगाची ठेवणच वेगळी. असा मासा तुमच्या हाती आला असेल तर तो कशावरून ओळखलात ते लिहा. नुसतं नाव नको, खूण सांगा.

सुरुवात मी करतो. ओहोटीच्या वेळी वाळूवरच्या घोटाभर पाण्यात काही इवले मासे आपापली जागा धरून बसले होते. दुसरा जवळ आला की त्याला हुसकून लावायचे. वरून पाहिलं तर पाठीवर काळी वर्तुळं, एकात एक. जाळीने एक उचलून काचेच्या बरणीत घेतला, जेमतेम 3 सेंटिमीटरचा, आणि बाजूने पाहिलं तर वर्तुळं गायब! अंगावर होते तीन काळे पट्टे, मधोमध खाली झोल पडलेले. दोन्ही अंगांचे पट्टे वरून एकत्र दिसत म्हणून ती वर्तुळं. मग भिंगातून बाकीचं पाहिलं. पाठीच्या काटेरी परावर मोठा काळा डाग, शेपटीवरही काळे पट्टे, आणि कल्ल्याच्या झाकणावर मागे रोखलेला टोकदार काटा. एवढ्यावर नाव पक्कं झालं : टेरापॉन जार्बुआ. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या किनाऱ्यांवर हा सापडतो. मोठेपणी समुद्रात राहतो, पिल्लं मात्र खाडीत आणि कधी पार गोड्या पाण्यातही शिरतात. तो काटा बोटात सहज घुसतो, तेव्हा मासा मुठीत धरू नका.

⁂

बरणीचा मुद्दा अगदी महत्त्वाचा. मला मिळालेला मासा इतका पारदर्शक होता की पाठीचा कणा आणि पोटातली हवेची पिशवी बाहेरून दिसत होती. त्याच जाळ्यातले काही बादलीत मेले आणि थोड्याच वेळात दुधाळ पांढरे झाले. फक्त ते मेलेले कुणाला दाखवले असते तर काचमासा हे नाव सुचलंच नसतं. पाठीच्या पराला मध्ये खोल खाच, पुढचा भाग काट्यांचा आणि मागचा मऊ. यावरून अँबॅसिस ही प्रजाती (जीनस) ठरली.

म्हणून फोटो जिवंतपणीच काढा. अरुंद, सपाट काचेचं भांडं घ्या, पाणी थोडंच ठेवा, मासा आडवा दिसू द्या आणि पर उघडेपर्यंत थांबा. शेजारी मोजपट्टी हवीच. हातावर ठेवून वरून काढलेल्या फोटोत पर मिटलेले असतात आणि पाहण्यासारखं सगळं त्या परांतच असतं.

⁂

माझा मासा मी आधी पान समजून सोडून देणार होतो. भरतीबरोबर खारफुटीची पिवळी-तपकिरी पानं वाहत येत होती, त्यातलंच एक आडवं तरंगत होतं. बाकीची पानं प्रवाहाबरोबर गेली आणि हे एक हळूच उलट दिशेला सरकलं. ओंजळीत घेतल्यावर डोळा दिसला. पाठीचा आणि शेपटीआधीचा खालचा पर मागे इतके गोलसर वाढलेले की शेपटीसकट तीन शेपट्या वाटाव्यात. हे ट्रिपलटेलचं, म्हणजे लोबोटिस सुरिनामेन्सिसचं पिल्लू. पुढे तो मीटरभर वाढू शकतो. अशा माशाच्या बाबतीत नुसता फोटो पाहून कुणाला काही सांगता येणार नाही; तो पाण्यात कसा राहतो हेही लिहून ठेवायला हवं.

⁂

पारदर्शक आणि पानासारखा चपटा, वर टाचणीएवढं डोकं, असं काही मिळालं तर ते लेप्टोसेफॅलस असतं : वामसारख्या माशांची अळी-अवस्था. मला मिळालं तेव्हा मी आधी शेपूट पाहिली. ती निमुळती असेल तर वामचं कूळ, दुभागलेली असेल तर टार्पन किंवा लेडीफिशकडचं. माझं दुभागलेलं होतं.

या अवस्थेने तज्ज्ञांनाही दीर्घकाळ चकवलं होतं. युरोपीय वामच्या अळीला 1856 मध्ये निराळी जात मानून नाव दिलं गेलं. 1896 मध्ये ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी टाकीत तिचं रूपांतर होताना पाहिलं, तेव्हा ती वाम निघाली. रूपांतर होताना ही अळी वाढत नाही, उलट आखडते.

⁂

तळाशी बसणारा, मोठ्या डोक्याचा मातकट मासा असेल तर त्याला काचेच्या भांड्यात सोडा आणि खालून पाहा. पोटाखालचे दोन पर जुळून वाटी झाली असेल आणि तो काचेला चिकटत असेल, तर बहुतेक गोबी. निवटीही त्यातलीच. दोन्ही पर सुटे असतील तर स्लीपर गजन हे कूळ तपासा.

⁂

दोन माशांबद्दल कळकळीने सांगते, कारण लहान मुलं हात घालतात.

पहिला केंड. पोट फुगवतो, जबड्यात चार दातांची चोच असते. फोटोसाठी त्याला मुद्दाम फुगायला लावू नका, आणि पिल्लू असलं तरी खाण्याचा विचारही नको. त्यातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही.

दुसरा प्लोटोसस. काळसर अंग, त्यावर लांब पांढऱ्या रेघा, मिशा, वामसारखी शेपूट. पिल्लं दाटीवाटीचा गोळा करून फिरतात. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन असे तीन विषारी काटे. माझ्या भाचीला टोचला तेव्हा सोसवेल इतक्या गरम पाण्यात तिचा हात धरला. उष्णतेने हे विष निकामी होतं. कळ ओसरली, तरी लगेच डॉक्टरांकडे नेलं.

⁂

मी प्रयोगशाळेत मासे ओळखण्याचंच काम करते. फोनवरची अ‍ॅप्स मोठ्या, रंगीत माशांना बरी. पिल्लांच्या बाबतीत त्यांचं उत्तर ही फक्त तपासाची सुरुवात धरा. आम्ही परांतले काटे आणि मऊ किरण (लवचिक काड्या) वेगवेगळे मोजतो, मग तोंडाची ठेवण पाहतो. गेरीज आणि काप दोघेही रुपेरी, दोघांचंही तोंड नळीसारखं बाहेर येतं. पण गेरीजच्या डोक्यावर खवले असतात, कापाचं डोकं उघडं आणि अंग बुळबुळीत.

तरीही अडलं तर पराचा छोटा तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये नको, त्याने डीएनए खराब होतो. त्या तुकड्यातून सीओआय नावाच्या जनुकाचा, डीएनएच्या साधारण 650 अक्षरांचा भाग वाचून तुलना करतात. ही पद्धत 2003 पासून रुळली. पण तुलनेच्या साठ्यातही चुकीच्या नावाचे नमुने असतात, म्हणून मी फोटो आणि मोजमापं मागतेच. तारीख, भरती होती की ओहोटी, पाणी किती खारट होतं, हे बरणीवर पेन्सिलीने लिहा. अल्कोहोलने शाई पुसली जाते.